तळटीप क्रमांक सात

धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्यांनी सहज विचारलं, “विहीणबाई काय करतात?” आमच्या ह्यांनी चहाचा घोट घेत सांगितलं, “दुसऱ्यांनी लिहिलेलं खोडतात.” लग्न तरीही झालं, यात माझं कर्तृत्व काही नाही.

पण उत्तर खोटं नव्हतं. विद्वानांचे लेख तपासायचे, आधार शोधायचे, आधार नसेल तर त्यांच्याशी भांडायचं, आणि छापून आल्यावर त्यांच्या बायकांचे टोमणे लग्नकार्यांतून ऐकायचे, यात माझी सव्वीस वर्षं गेली. या धंद्यात मला कोणी शिकवून आणलं नाही. मी तो शिकले खोताच्या वाडीतल्या एका लाकडी ओटीवर, आणि फी म्हणून दुसऱ्या एका माणसाची भाकरी जवळजवळ घालवून.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी एम.ए.च्या वर्गात राज्यशास्त्र शिकत होते. आमच्या अभ्यासमंडळाने एक त्रैमासिक काढलं होतं, नाव ‘भय आणि व्यवस्था’. आता ‘दहशतवाद’ हा शब्द दूधवाल्याच्या तोंडीही असतो आणि त्यावर मोठमोठी खाती निघाली आहेत. तेव्हा आम्ही त्याला घातपात म्हणत असू. बाँब, दंगे, गोळीबार, जमावबंदी, माणसं का भितात आणि सरकार कशाला भितं, अशा सगळ्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा आमचा निश्चय होता. आम्ही सगळे मिळून सात जण. जमावबंदी लागली की पाचापेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायची बंदी असे, त्यामुळे संपादक मंडळाच्या सभा दोन हप्त्यांत भरत.

मी मुख्य संपादक झाले ते अक्षर चांगलं म्हणून. दुसरं कारण नव्हतं. आम्ही गिरगावातली जुनी प्रभू मंडळी. आजोबा आणि वडील दोघांनी सॉलिसिटरच्या कचेरीत दस्तऐवज लिहिण्यात जन्म काढला. तो हात माझ्याकडे आला. आई मात्र धास्तावली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, “शालूचं मासिक निघतं म्हणे? पाककृतींचं का?” आई म्हणाली, “नाही हो, बाँबचं,” आणि तोंडाला पदर लावला.

आमचं काम कसं चाले ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

लेख आला की मी कात्री घेऊन वरची लेखकाचं नाव असलेली पट्टी कापत असे. पट्टी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, लेखावर फक्त क्रमांक. मग तो बिननावाचा लेख दोन वाचकांकडे जाई, एक आमचे सर आणि एक मंडळातला कोणी. लेख कुणाचा ते माहीत नसलं की माणूस भीड न ठेवता वाचतो, ही त्यातली गोम. दोघांनी होकार दिला की मी डबा उघडायची, पट्टी काढायची, आणि मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, लोखंडी लेखणीने सगळा लेख कोरायची. वर लेखकाचं पूर्ण नाव आणि राहायचा भाग. मग तो कागद खोताच्या वाडीत लॉरी अंकलकडे.

लॉरी अंकल म्हणजे आमचा छापखाना. मूळचे इथलेच ख्रिस्ती, चर्चच्या सूचना आणि गाण्यांचे कागद काढायला त्यांच्या ओटीवर सायक्लोस्टाइल यंत्र होतं. त्यांना आमच्या विषयात काडीचा रस नव्हता. “काय गो बाय, यंदा किती मेली?” असं विचारत ते दांडा फिरवायचे. प्रती साठ. आम्ही त्या दाभणाने शिवत असू. कुणाला कोणती प्रत दिली ते मी एका वाटपवहीत लिहून ठेवत असे. कारकुनाची नात!

लेखकमंडळी नाना प्रकारची. ठाकूरद्वारचे एक गृहस्थ दर तीन महिन्यांनी एकच प्रबंध घेऊन येत: प्रत्येक घराला सरकारने एक शिट्टी द्यावी, घातपात आपोआप थांबतील. मी विचारलं, “घातपात करणाऱ्याच्या घरीही शिट्टी असणारच ना?” ते म्हणाले, “तो वाजवणार नाही. त्यावरूनच ओळखायचा.” आजही मला या युक्तिवादातली चूक नीटशी सांगता येत नाही.

आणि आमचे पहिले वाचक. काळी टोपी, छत्री, साध्या वेशातले पोलीस. आमच्या मासिकावर नजर ठेवायची नेमणूक त्यांची. बिचारे कॉलेजच्या फाटकासमोरच्या वाचनालयाच्या बाकावर बसून एकच वर्तमानपत्र तीन तास वाचत. आमच्यापाशी लपवण्यासारखं काही नाही याचा आम्हाला कोण अभिमान! म्हणून प्रत्येक अंकाची पहिली प्रत मी स्वतः त्यांच्या हातात नेऊन देत असे. वाटपवहीत पहिली ओळ त्यांचीच: ‘टोपीवाले’. एकदा त्यांनी मला थांबवून सांगितलं होतं, “मागच्या अंकात पान नऊवर कलम चुकीचं घातलंय. एकदा बघून घ्या.” बघितलं. चुकलंच होतं.

अशात एक लेख आला. ‘जमाव, जरब आणि गोळी’. गोळीबार होताना जमाव कसा वागतो आणि बंदूक धरणारा कसा वागतो, याचा अभ्यास. मी पट्टी कापताना नाव वाचलं ते तेवढंच. दत्ताराम, बी.ए.चा विद्यार्थी, नायगावच्या बी.डी.डी. चाळींतला, त्याच्या घराण्यात कॉलेजात आलेला पहिलाच. लेख वाचला आणि माझी झोप उडाली. आमच्यात असं कोणी लिहीत नव्हतं. त्यातली एक गोष्ट अशी: परळच्या बाजूला एका नाक्यावर गोळी चालवायचा हुकूम झाला, तेव्हा एका हवालदाराने जाणूनबुजून लोकांच्या डोक्यांवरून, हवेत गोळ्या झाडल्या. खाली तळटीप क्रमांक सात: ‘एका माहीतगाराकडून.’

तळटीप म्हणजे लेखकाने थाप मारलेली नाही याची हमी. ‘माहीतगार’ ही काय हमी झाली? मी लेख परत पाठवला: माहीतगार कोण? दुसऱ्यांदा लिहून आलं, ‘एका पोलीस कर्मचाऱ्याकडून.’ मी पुन्हा परत पाठवला: लेखकाशी त्याचा संबंध काय, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? तिसऱ्यांदा दत्ताराम स्वतः आला.

“ताई, हे सांगायलाच हवं काय?”

“शास्त्र आहे हे, दत्ताराम. वाचकाला कळलं पाहिजे.”

“पण नाव तुम्ही कापता ना?”

“नाव तर मी कधीच कापलंय,” मी अभिमानाने सांगितलं.

तो निश्चिंत झाला. त्याने तिथेच बसून लिहिलं: ‘लेखकाच्या वडिलांशी झालेल्या बातचितीवरून. ते पोलीस दलात हवालदार असून सदर प्रसंगी हजर होते.’ मी म्हटलं, “आता कसं!”

बिननावाच्या लेखात ‘लेखकाचे वडील’ म्हणजे जगातला कुठलाही बाप. सरांनी वाचलं, त्यांना खटकलं नाही. दुसऱ्या वाचकाला खटकलं नाही. दोघांनी ‘उत्कृष्ट’ शेरा दिला. मी डबा उघडला, पट्टी काढली आणि माझ्या त्या सुप्रसिद्ध वळणदार अक्षरात मेणकागदाच्या माथ्यावर कोरलं: दत्ताराम भिकाजी परब, नायगाव.

आपल्याकडे पूर्ण नावाच्या मधोमध बाप बसलेला असतो. वर मुलाचं नाव, त्यात बापाचं नाव, खाली बापाचा हुद्दा आणि त्याने हुकूम कसा मोडला त्याची हकिकत. चौकशी अधिकाऱ्याला याहून सोयीचा कागद कुणी कोरून दिला नसता. स्टेन्सिलला प्रूफ नसतं. कोरलं की कोरलं. साठ प्रती शिवून, दत्तारामची एक ठेवून, बाकीच्या मी दोन दिवसांत वाटूनही टाकल्या.

तिसऱ्या दिवशी दत्ताराम आपली प्रत घ्यायला आला. छापलेलं आपलं नाव त्याने पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, हसेल. तो पान उलटून तळाशी गेला, परत वर आला, परत खाली गेला.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही नाव कापलं होतंत ना?”

नाव फक्त तपासणीपुरतं कापतात आणि नंतर परत जोडतात, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलं नाही. या धंद्यातल्या निम्म्या चुका अशाच होतात.

मी म्हटलं, “चल, आधी तुझ्या वडिलांना सांगू.”

“ते मारतील मला.”

“मलाही मारू देत. चल.”

दादरपर्यंत ट्राम, पुढे पायी. चाळीतली एक खोली; भिंतीवर खुंटीला गणवेश, खाली चकचकीत बूट. भिकाजी परब गंजीफ्रॉकवर बसून बांगडे साफ करत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घोकून गेले होते तरी मध्ये रडले. ते हात धुऊन आले, दत्तारामकडून पान वाचून घेतलं.

मग म्हणाले, “बस गो चेडवा. ह्यां लिवलंस तां खरां आसा. मी हवेतच मारलंय. समोर आमच्याच चाळीतली पोरां होती. काय मारतलंय तेंका?”

“काका, माझी चूक—”

“पण बाय, खरां बोलूक सुद्धा पेन्शन होयी. दीड वर्साचो प्रश्न आसा.”

दारात दत्तारामची आई उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “नोकरी गेली तर ही खोली पण जायत. मगे आमी जातलंव खंय?”

मी पिशवीतून वाटपवही काढली आणि म्हटलं, “साठ प्रती आहेत, मावशी. प्रत्येक कुठे आहे ते मला माहीत आहे. सगळ्या परत आणते.”

परब हसले. “पोलिसात ये तू,” म्हणाले.

नंतरचे चार दिवस मी गिरगाव ते दादर किती वेळा तुडवलं ते माझ्या चपलांना ठाऊक. कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून मी “पानं उलटी शिवली गेलीत” असं सांगत सुटले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा पकडल्या. स्वतःची ही एकच, पण सत्तावन्न वेळा मारली. सरांनी आपली प्रत उघडून पाहिली आणि म्हणाले, “माझी तर सुलटी आहे.” मी म्हटलं, “सर, द्या.” त्यांनी माझा चेहरा बघितला आणि दिली. शिट्टीवाल्या गृहस्थांनी बदल्यात प्रबंध छापायचं वचन घेतलं. पुढे तो छापावा लागला.

दत्तारामची प्रत त्याच्या घरीच होती. उरल्या दोन. लालबागची आणि टोपीवाल्यांची.

लालबागला कामगारांचं एक वाचनालय होतं. ते चालवणारे राणेकाका चळवळीतले तडफदार वक्ते. त्यांचं भाषण ऐकून मी स्वतः मोर्चाला गेले होते. त्यांनी लेखाचं पान आधीच कापून खिशात ठेवलं होतं.

“शालूताई, सोनं दिलंत तुम्ही! पोलीसच सांगतोय. संध्याकाळच्या सभेत वाचतो बघा, मैदान हलवतो.”

“ते पान परत द्या, काका.”

त्यांना आधी थट्टाच वाटली. मी कारण सांगितलं, इथे खरं सांगितलं. ते गंभीर झाले, पण हात खिशावरच.

“हे बघ, एका हवालदाराची नोकरी एकीकडे. मुंबईसह महाराष्ट्र एकीकडे. तराजूत घालून बघ.”

“तराजू तुमचा, महाराष्ट्र आपल्या सगळ्यांचा, आणि वजन म्हणून टाकायचे एकटे परब? त्यांना विचारलंत? नायगाव इथून कितीसं लांब आहे? चला, त्यांच्या बायकोसमोर विचारा.”

“चळवळीत असं विचारत बसलं तर झालंच.”

“मग माझ्या धंद्यातलं सांगते. आज तुम्ही हे वाचलंत. उद्या परबांना साहेबासमोर उभं केलं. ते काय म्हणतील? मी असं बोललोच नाही, पोरगं खोटारडं आहे. त्यांना म्हणावंच लागेल. मग तुमच्या हातात काय राहिलं? फुटलेला साक्षीदार. त्यानंतर तुम्ही खरं बोललात तरी लोक त्याच्याकडे बोट दाखवतील.”

पान तरी खिशातून निघेना. मी बाकावर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली.

“हे काय?”

“बसलेय. सभेला जाताना मला उचलून न्यावं लागेल. मी जड आहे.”

सभेची वेळ होत आली तेव्हा त्यांनी पान काढून माझ्या अंगावर टाकलं. “घे. असा पुरावा परत मिळायचा नाही, लक्षात ठेव.” ते गेले, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं वावगं होतं असं मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी मी सभेला गेले, मागे उभी राहिले. भाषण चांगलं झालं, पण मैदान हललं नाही. का ते मला माहीत होतं.

टोपीवाले बाकावरच होते. मी शेजारी बसले.

“या अंकाची तुमची प्रत परत हवी आहे.”

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. “कुठला अंक?”

“गेल्या आठवड्यात दिला तो. तुमच्या हातात दिला.”

“मला अंक मिळालेला नाही.”

“अहो, मी स्वतः—”

“बाई,” ते वर्तमानपत्रामागून हळू आवाजात म्हणाले, “अंक मिळाला असता तर तो वाचावा लागला असता. वाचला असता तर त्यावर लिहून पाठवावं लागलं असतं. मी काही लिहून पाठवलेलं नाही. म्हणजे मिळालेला नाही. तुम्ही आधाराशिवाय बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या बाकावर माझ्या नावाचं एक पुडकं होतं. आत अंक. तळटीप क्रमांक सातच्या समासात, अगदी आमच्या तपासणाऱ्यांच्या पद्धतीने, पेन्सिलीने बारीक शेरा: ‘मजकूर उत्तम. संपादकाने काळजी घ्यावी.’

सव्वीस वर्षांत माझ्या कामावर याहून नेमका अभिप्राय कुणी दिलेला नाही.

अंक आम्ही पुन्हा काढला. नाव काढायचं की टीप काढायची? दत्ताराम म्हणाला, “नाव काढा, टीप ठेवा.” पण चाळीत सगळ्यांना माहीत होतं लेख कुणाचा ते. टीप गेली. तळाशी सहानंतर एकदम आठ. मी क्रमांक सुधारले नाहीत. तेवढं तरी खरं राहू दे म्हटलं. वाचणाऱ्यांनी मात्र नको तेच काढलं: एवढी मोठी गोष्ट आणि आधार नाही? मंडळाच्या बैठकीत एकाने तोंडावर सांगितलं, “हवालदाराची गोष्ट रचलेली वाटते.” दत्ताराम ऐकत बसला. मला बोलता येत नव्हतं आणि त्यालाही. त्याने पुन्हा कधी लेख लिहिला नाही. विम्याच्या कचेरीत लागला. त्याच्यासारखं लिहिणारा मला नंतर भेटला नाही, आणि याचा हिशेब मी दुसऱ्या कुणाकडे मागू शकत नाही.

पुढे राज्य झालं. रोषणाई झाली. आमच्यापैकी बहुतेक जण नोकऱ्यांना लागले होते आणि मासिक बंद करायचं ठरलं होतं. शेवटचा अंक तेवढा बाकी. त्याचे मेणकागद घेऊन मी एका दुपारी लॉरी अंकलच्या ओटीवर बसले होते. वाडीच्या तोंडाशी धोतर, कोट, टोपी घातलेले एक गृहस्थ पत्ता विचारताना दिसले. मी त्यांना गंजीफ्रॉकवर पाहिलेलं, त्यामुळे ओळखलंच नाही.

परबांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेलं पान काढलं. दत्तारामच्या प्रतीतलं. साठावी प्रत, परत घ्यायची मी विसरले होते.

“सुटलंय,” ते म्हणाले. “कालच. पेन्शनीचो कागद हातात इलो. आता घाल.”

“काका, आता लोकांना कुणाला आठवतंय?”

“माझ्या झिलाक आठवता. दत्तारामाक.”

मी कोरा मेणकागद घेतला. शुद्धिपत्र म्हणून आम्ही आजवर एक-दोन ओळींपलीकडे काही छापलं नव्हतं. या वेळी पूर्ण पान घेतलं आणि कोरलं: ‘जमाव, जरब आणि गोळी या लेखात तळटीप क्रमांक सात संपादकाच्या चुकीमुळे गाळली गेली. ती अशी वाचावी: लेखकाचे वडील श्री. भिकाजी परब यांच्याशी झालेल्या बातचितीवरून. ते सदर प्रसंगी हजर होते व त्यांनीच हवेत गोळ्या झाडल्या. हवालदार (निवृत्त), नायगाव.’

लॉरी अंकलनी पहिला कागद काढून त्यांच्या हातात दिला. “जपून, शाई वल्ली हाय.” परबांनी फुंकर घातली, एकेक अक्षर लावत वाचलं. दोनदा वाचलं.

“बरोबर आहे ना काका?”

“बरोबर आसा. पण एक काम कर गो चेडवा. त्या ‘निवृत्त’च्या खाली रेघ मार.”

आमच्या पद्धतीत शुद्धिपत्रात अधोरेखन बसत नाही. मी अंकलना यंत्र थांबवायला सांगितलं, मेणकागद उतरवून घेतला, पट्टी धरली आणि रेघ मारली.